काळ्या पायांची आन-आन

थ्यानफा : तुझा विश्वास बसायचा नाही, पोरी. कुणाचाच बसत नाही. पण या जाळीच्या दारातून आन-आन आरपार गेली, आणि जाळीला एवढंसं भोक पडलं नाही.

शिनरू : काका, दाराला जाळीच नाहीये. नुसती चौकट आहे.

थ्यानफा : ते नंतरचं. आधी काय झालं, साच्यातून शेवया पडतात ना, तशी ही बारीक होऊन जाळीतून पलीकडे पडली आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा अख्खी झाली. तोवर जाळी जशीच्या तशी. बाहेर जाऊन बघते तर जिच्यामागं धावली ती मांजर पसार. मग परत यायची काही घाई नव्हती. सावकाश आली, येताना जाळीच घेऊन आली.

बीहा : गळ्यात घालून. सत्काराला निघाल्यासारखी. शिनरू, तू चहा घे गं, याच्याकडे लक्ष देऊ नकोस. कुत्र्यांच्या निवाऱ्यातून एवढ्या उन्हात स्कूटर हाणत आलीस, आणि हे म्हातारं माकड तुला शेवया वाढतंय.

शिनरू : चहा छान आहे, काकू. मी काही तपासणीला वगैरे आलेली नाही, भिऊ नका. म्हणजे, तपासणीलाच आलेय, पण भिऊ नका. कुत्रं घरी दिलं की काही महिन्यांनी एकदा जाऊन बघायचं, अशी आमची पद्धत आहे. कशी राहते, काय खाते, कुणाला चावत नाही ना. तिला बघितलं की निघाले. कुठंय ती?

थ्यानफा : कामावर गेलीय.

शिनरू : कामावर?

बीहा : मागे बागेत बांधून ठेवलीय. सकाळपासून. मी म्हटलं, येणारी बाई तिलाच भेटायला येतेय, राहू दे की मोकळी. तर म्हणतो, अंगावर उडी मारेल.

शिनरू : उड्या अजून मारते?

थ्यानफा : छे! सोडल्या. आता कुणी आलं की उंबरठ्यावर बसते आणि मान खाली घालते.

बीहा : काल माझ्या पाठीवर होती. मी वाकून पपनसं निवडत होते, तर वरून आली धप्पकन. मला वाटलं झाडच पडलं.

थ्यानफा : तुझी पाठ दुखत होती ना? मग. चेपायला आली होती.

शिनरू : नाव तेच ठेवलंत? आन-आन?

थ्यानफा : बदलून करायचं काय? आन-आन! म्हणजे शांती-शांती! दिवसभर बोंबलतो आम्ही, शांती, खाली उतर. शांती, सोड ती चप्पल. शेजारी विचारतात, घरात जप चाललाय का? ज्यानं नाव ठेवलं तो तुमच्यातला फार विनोदी माणूस दिसतो.

शिनरू : मीच ठेवलं.

थ्यानफा : म्हणूनच म्हटलं.

शिनरू : आणि जेवताना? आमच्याकडे ताटलीजवळ कुणी गेलं की गुरगुरायची. एकदा माझ्या बाहीचा लचका तोडला होता. मी मुद्दाम सांगितलं होतं तुम्हाला, तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत. मला वाटलं, ऐकू कमी येतंय.

थ्यानफा : आलं होतं की ऐकू. म्हणून तर पहिल्या दिवशी तिची ताटली ठेवली, शेजारी माझा वाडगा घेऊन जमिनीवर बसलो. ती गुरगुरली, मीही गुरगुरलो. तिनं दात दाखवले, मी दात दाखवले. माझे कमी होते, पण हिंमत कमी नव्हती. ती म्हणाली हे माझं, मी म्हटलं हे माझं. शेवटी तिनं माझ्या वाडग्यात डोकावून बघितलं, आत नुसता भोपळा. तिला माझी एवढी दया आली की तिनं स्वतःच्या ताटलीतला चिकनचा तुकडा...

शिनरू : काका.

बीहा : तुकडा खोटा. बाकी खरं आहे.

शिनरू : गुरगुरणं खरं?

बीहा : सबंध आठवडा. पुढच्या खोलीत दोघंजण गुरगुरत जेवायचे आणि मी आत एकटी बसून विचार करायची, माझ्या आईनं मला कुठं दिलं. पण आता ती गुरगुरत नाही. हाच कधीमधी गुरगुरतो, सवयीनं.

शिनरू : हे मी निवाऱ्यात कसं कळवू?

थ्यानफा : कळव की, म्हातारा चावत नाही. आणि कचऱ्याच्या गाडीचं ऐकलंस का? नाही ना? मग तू काय ऐकलंस! संध्याकाळी गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की ही सूर लावते. साधासुधा सूर नाही, बरं का. आधी चुकत होती, मग जमलं. पुढं पुढं तर गाडी दोन गल्ल्या पलीकडे असतानाच हिला कळायला लागलं. ही सूर लावते, लोक पिशव्या घेऊन बाहेर येतात, आणि बरोबर तेव्हाच गाडी येते. गल्लीतल्यांनी गाडीकडे कान देणंच सोडलं. मग एके दिवशी दुपारी हिला बाहेर जायचं होतं आणि दार कुणी उघडेना. तर हिनं काय केलं?

शिनरू : गाणं म्हटलं.

थ्यानफा : सगळी गल्ली दारात! कचरा घेऊन! आणि गाडीचा पत्ता नाही! लोक एकमेकांकडे बघतायत. तो लाँड्रीवाला तर झोपेतून उठून आला होता, अर्धी चड्डी उलटी. तेवढ्यात आमचं दार उघडलं ना बीहानं, पिशवी घेऊन. की ही सटकली.

बीहा : एकदाच फसले मी.

थ्यानफा : तीनदा.

बीहा : दोनदा. तुम्ही बोला, मी पपनस सोलून आणते. झाडावरून उतरवून सावलीत मुरवलेली आहेत, शिनरू. आता कुठे गोडी उतरलीय. साल जाड असते, वेळ लागेल, तोवर याचं काही खरं मानू नकोस.

थ्यानफा : गेली? आत गेली का? सुरी घेतल्याचा आवाज आला? हां. पोरी, खुर्ची इकडे ओढ. आता एक नीट ऐक. आन-आन समोर आली की तिच्या पायांकडे बघायचं नाही.

शिनरू : का? लागलंय तिला?

थ्यानफा : लागलेलं नाही. काळे आहेत.

शिनरू : काळे कसे असतील? तिचे चारही पाय पांढरे आहेत. काळं अंग आणि पांढरे मोजे. मी आंघोळ घातलीय तिला, मला नका सांगू.

थ्यानफा : हळू बोल गं!

शिनरू : काका, खरी आन-आन कुठंय? हरवली का? पळाली ना? पळाली आणि तुम्ही दुसरी कुणीतरी काळी कुत्री आणून बांधलीत! म्हणून सकाळपासून मागे ठेवलीय! माझ्याकडे चिप वाचायचं यंत्र आहे, मानेवर धरलं की लगेच कळेल.

थ्यानफा : धर. सतरांदा धर. कुत्री तीच, पाय तेच, रंग तेवढा माझा.

शिनरू : रंग?

थ्यानफा : शाई. नव्या वर्षाला दारावर लाल कागद चिकटवतो, त्यावर लिहायची. घरी आणताना वाटेत देवळामागं थांबलो, चार बोटं बाटलीत बुडवली आणि चार पाय रंगवले. ती हलत होती म्हणून माझाही एक पाय रंगला.

शिनरू : पण कशाला?

थ्यानफा : कशाला म्हणून विचारतेस? तू कुठली? ताइपेची का?

शिनरू : हो.

थ्यानफा : तरीच. इकडे दक्षिणेत पांढऱ्या पायांचं काळं कुत्रं दारात आलं की म्हाताऱ्या बायका काय म्हणतात? सुतकाचे जोडे घालून आलंय. ज्या घरात राहील तिथून एक माणूस उचलणार.

शिनरू : ते मला माहीत आहे. तिसऱ्या घरानं याच कारणानं परत केली तिला. सोफा फाडला ते चाललं त्यांना, रात्रभर ओरडली ते चाललं. गावाहून सासूबाई आल्या, त्यांनी पाय बघितले आणि उंबरठ्याच्या आत घेऊ देईनात. पण काकू तशा वाटत नाहीत.

थ्यानफा : बीहा? ती त्या सासूची सासू आहे. माझे दादा, थोरले भाऊ, याच घरात राहायचे, त्या पलीकडच्या खोलीत. ते जायच्या आधी असंच एक पांढऱ्या पायांचं पिल्लू दारात आलं होतं. बीहानंच भात घातला त्याला. आठवडाभर राहिलं, गेलं कुठंतरी. मग दादा गेले. तेव्हापासून रस्त्यात असलं कुत्रं दिसलं की ही वाट बदलते. आता सांग, मी काय करायला हवं होतं?

शिनरू : दुसरं कुत्रं घ्यायला हवं होतं. चाळीसेक तरी होती त्या दिवशी.

थ्यानफा : होती. सगळी भुंकत होती. ही एकटीच पिंजऱ्याच्या भिंतीवर चढायची, पडायची, पुन्हा चढायची. पडली की माझ्याकडे असं बघायची की जणू मीच ढकललं. मी म्हटलं, हिला काहीतरी सांगायचंय.

शिनरू : आणि शाई चाटली तर? कुत्री पाय चाटतात, काका!

थ्यानफा : जीभ काळी होईल, एवढंच ना? तिची आधीच काळी आहे. डोंगरी जातीत असतेच.

शिनरू : मी हसत नाहीये.

थ्यानफा : ओठ हसतोय तुझा.

शिनरू : ऐका माझं. पहिल्यांदा ती परत आली तेव्हा पिंजऱ्यात गोल गोल फिरत राहिली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मला ओळख दाखवेना. तिसऱ्यांदा आली आणि कोपऱ्याकडे तोंड करून बसली. उठेना. ही आन-आन! माझ्या डोक्यावरून उडी मारणारी! तुम्ही आलात त्या दिवशी सकाळी ती बऱ्याच काळानं भिंतीवर चढायला लागली होती. आज ना उद्या काकूंना पाय कळणार. मग तुम्ही तिला घेऊन माझ्या दारात उभे राहणार. मला ते चौथ्यांदा बघायचं नाही.

थ्यानफा : कळायचं नाही तिला. शाई पक्की आहे.

शिनरू : आज सांगा. माझ्यासमोर. नाही तर मी तिला आत्ता परत नेते. अजून पुरती रुळली नसेल तोवरच बरं.

थ्यानफा : रुळली नसेल? माझ्या उशीवर झोपते ती! मी घडी केलेल्या शर्टावर डोकं ठेवतो.

शिनरू : मग सांगा.

थ्यानफा : आज वार बरा नाही.

शिनरू : काका!

बीहा : कसली कुजबूज चाललीय?

थ्यानफा : वादळाचं सांगत होतो हिला. मोठं वादळ आलं होतं, तेव्हा आन-आन बागेभोवती एवढ्या जोरात पळत सुटली की वाऱ्याला भोवळ आली. आत शिरायचा रस्ताच सापडेना त्याला. दमून शेजारच्या बागेत जाऊन पडला. आमचं एक पपनस गळलं नाही.

बीहा : वादळात ती पलंगाखाली होती. आणि हा तिच्या शेजारी. देवाच्या मिरवणुकीला फटाके वाजतात, तेव्हाही तसंच. ती थरथर कापते, म्हणून हा सरपटत आत जातो आणि तिच्या कानावर हात धरून पडतो. मग गुडघा धरतो त्याचा, निघता येत नाही. मी पाय धरून ओढून काढते. आधी त्याला, मग तिला. हे मात्र कळव, शिनरू. हे खरं आहे. आणि तू ऊठ आता. सोडून आण तिला. पोरगी किती वेळ थांबेल?

थ्यानफा : जातो की. जातोच आहे. शिनरू, लक्षात आहे ना? वादळाचं?

शिनरू : तुम्ही तुमचं लक्षात ठेवा.

बीहा : घे. फोड जपून सोल, पांढरं सगळं काढ, कडू असतं.

शिनरू : काकू, तुम्हाला ती आवडते का? खरं सांगा. जाळी गेली, चपला गेल्या, पाठ गेली.

बीहा : कुत्र्यात आवडायचं काय? त्या पलीकडच्या खोलीच्या जमिनीवरचे पायांचे ठसे पुसून पुसून माझे हात भरून आले. तू याला भेटलीस तेव्हा तो बोलला होता का तुझ्याशी?

शिनरू : फार नाही. हो, नाही, एवढंच. म्हणून तर मला वाटलं ऐकू येत नाही.

बीहा : दोन वर्षं तसाच होता. थोरले दीर होते तोवर दोघं भाऊ रोज संध्याकाळी त्या भिंतीला टेकून खोटं बोलत बसायचे. याचा मासा एवढा, तर त्यांचा तेवढा. यानं साप बघितला की त्यांनी त्या सापाचा बाप बघितलेला. मी आतून ओरडायची, बास करा, भात करपला. दीर गेले आणि हा मिटला. जेवलास का, तर जेवलो. पाऊस येईल का, तर येईल. पन्नास वर्षं ज्याच्या एका शब्दावर माझा भरवसा नव्हता, त्याचा एकेक शब्द खरा निघायला लागला. भीती वाटायची गं मला.

शिनरू : डॉक्टरांना दाखवलं?

बीहा : ठणठणीत म्हणाले. मुलगा म्हणाला, कुत्रं आणा, फिरणं होईल. हा म्हणाला, बरं. गेला, आणि संध्याकाळी हिला घेऊन दारात उभा. मी म्हटलं, ही कुठली? तर म्हणतो कसा, रस्त्यात भेटली, तुमचं घर कुठं म्हणून पत्ता विचारत होती.

शिनरू : मग?

बीहा : मग काय? मी आत जाऊन कांदा चिरायला घेतला. घरात कांदा नव्हता.

शिनरू : काकू, मला तुम्हाला एक सांगायचंय. म्हणजे काकांनीच सांगायला हवं, पण...

बीहा : तू पपनस खा. त्याला सांगायचंय ते त्याला सांगू दे. आली बघ! कप उचल! कप!

शिनरू : आन-आन! अगं! अगं ए, ओळखलंस? ओळखलंस का मला? खाली! माझा चष्मा! ही ओली कशी?

थ्यानफा : पाटात उडी मारली! दोरी सोडली आणि दोरीसकट गेली! मी दोरीच्या टोकाला होतो, मीही निम्मा गेलो! आन-आन, ते पपनस नाही, ती बाईची पिशवी आहे! शांती! शांती-शांती!

बीहा : अंग झाडू देऊ नका इथं! झाडलं. झाडलंच. भिंतीवरून आता कोण पुसणार?

शिनरू : थांब, राणी, एक मिनिट. मान इकडे कर. हां. वाजलं. काका, तीच आहे.

थ्यानफा : मग? मी काय सांगत होतो?

बीहा : तीच नाही तर कोण असणार? मी टॉवेल आणते.

शिनरू : काका, लवकर. ही गच्च ओली आहे आणि पाय कोळशासारखे काळे आहेत. शाई ओघळायला नको का? कधी लावली होती?

थ्यानफा : आणली त्या दिवशी. एकदाच. पुन्हा हात लावला नाही. मलाही वाटलं होतं, आठवड्यात जाईल. पण बघ! पाऊस झाला, वादळ झालं, पाटात रोज दोनदा बुडते, आणि एक केस पांढरा नाही. ही शाई असते, पोरी. आता असली मिळत नाही.

शिनरू : माझ्या बोटाला लागलं. तेलकट आहे हे. शाई कधीपासून तेलकट असते?

थ्यानफा : चांगली शाई जुनी झाली की मुरते.

शिनरू : पपनसासारखी?

थ्यानफा : तशीच.

बीहा : हलवू नका तिला, मी पुसते. पोट पुसू दे, बये. चाटू नकोस, तोंड आहे ते माझं.

शिनरू : काकू, काकांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय.

थ्यानफा : मला? हो. सांगायचंय खरं. बस तू, बीहा. उभ्यानं ऐकण्यासारखं नाही. तुझा विश्वास बसायचा नाही.

बीहा : तो कधी बसला होता? बोल.

थ्यानफा : आज पहाटे आम्ही दोघं बांधावरनं चाललो होतो. मी आणि ही. तर समोरून भूमिदेव आला.

बीहा : कोणता? बाजाराकडचा, की पाटाकडचा?

थ्यानफा : पाटाकडचा. आपला. पांढरी दाढी, हातात काठी, घामाघूम झालेला. मला म्हणतो, थ्यानफा, ही तुझी कुत्री रोज माझ्या देवळात येऊन नैवेद्याची शेंगदाण्याची चिक्की खाते.

बीहा : हे खरं असेल.

थ्यानफा : मी पाय धरले. म्हटलं, देवा, लेकरू आहे, अंगात वारं आहे. तर देव म्हणाला, शिक्षा तर मी करणारच. हिचे चारही पाय माझ्या धुपाच्या राखेत बुडवतो आणि पांढरे करून टाकतो.

शिनरू : अरे देवा.

थ्यानफा : मध्ये बोलू नकोस. मी रडलोच. म्हटलं, देवा, असं करू नका, माझी बायको हिला घरात ठेवायची नाही. सुतकाचे जोडे म्हणेल. तर देव हसायला लागला. दाढी धरून हसला. म्हणाला, अरे वेड्या, यमाचे दोघं दूत येतात ना, तो उंच पांढरा आणि तो बुटका काळा? ते दारात आल्यावर आधी काय बघतात? जोडे बघतात. दारात सुतकाचे जोडे दिसले की उंच बुटक्याला म्हणतो, अरे, इथलं काम आधीच उरकलेलं दिसतंय. बुटका म्हणतो, मग इथं कशाला उन्हात उभे आहोत? चल पुढच्या घरी. आणि जातात निघून. ही कुत्री आहे तोवर तुझ्या घरात पाऊल टाकायचे नाहीत.

बीहा : असं म्हणाला?

थ्यानफा : शब्दन् शब्द.

बीहा : आणि पाय पांढरे कधी होणार?

थ्यानफा : उद्या. नाही, आजच. तू आंघोळ घातलीस की.

बीहा : मीच घालायची?

थ्यानफा : देव म्हणाला, हात बीहाचेच लागतात. दुसऱ्या कुणाच्या हातानं गुण यायचा नाही.

बीहा : कोणत्या पायापासून पांढरी होणार?

थ्यानफा : पुढच्या उजव्या.

बीहा : खोटं.

थ्यानफा : बरं, डाव्या.

बीहा : सगळंच खोटं. तुझी शाई पहिल्याच आंघोळीला वाहून गेली, म्हाताऱ्या माकडा. तू बाजारात गेला होतास. चार पांढरेशुभ्र पाय निघाले माझ्या हातात. त्या दिवसापासून प्रत्येक आंघोळीनंतर कढईच्या बुडाची काजळी तेलात कालवून मीच लावतेय.

शिनरू : काकू, तुम्ही!

थ्यानफा : तू? आणि मी तुला इतके महिने फसवत होतो, त्याचं काय?

बीहा : पाणी तापत ठेव. काजळी कोमट पाण्यानंच निघते. आणि ते दोघं दारातून परत जातात ना, तेवढं पुन्हा सांग.